मंगळवेढ्याचे गावकूस



पंढरीला आपण वर्षानुवर्षे जातो. चंद्रभागेचे स्नान, पुंडलिकाचे दर्शन, नामदेव पायरीला आणि तिच्या समोरच्या चोखोबांच्या समाधीला नमस्कार, जमले तर देवाचा पदस्पर्श, नाही तर कळस. द्वादशीचे पारणे, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला, की पडशी खांद्याला लावून आपण घरची वाट धरतो. आषाढात पेरण्या खोळंबलेल्या असतात, कार्तिकात सुगी. तेव्हा घाई असते हे खरे. परंतु त्याच पंढरीपासून आग्नेयेस पंचवीसेक किलोमीटरवर मंगळवेढे आहे. आळंदी-देहूहून चालत येणाऱ्याला ती एका दिवसाची मजल. तिकडे कितीजण वळतात? दुसऱ्याचे कशाला, प्रस्तुत लेखकाचेच सांगतो. चाळीस वर्षे कीर्तन केले, मंगळवेढ्याचे नाव शेकडो वेळा तोंडून गेले, आणि गावात पाऊल टाकले ते पासष्टी ओलांडल्यावर.

तेही कसे घडले ते सांगितले पाहिजे. आमच्या घरी हरिदासी चालत आलेली. वडील नारदीय पद्धतीने कीर्तन करीत आणि दामाजीपंतांचे आख्यान त्यांचे हातखंडा. बेदरच्या दरबारात विठू महार शिरतो, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि लवून जोहार करतो, तिथे आले की मंडपात पदर डोळ्यांना लागलाच. पुढे मी पाठशाळेत पंचकाव्ये, व्याकरण शिकलो, वारकरी फडात आलो, निरूपणाची पद्धत बदलली. पण दामाजीपंतांचे ते चरित्र मात्र वडिलांच्याच चालीवर सांगत राहिलो. एका सप्ताहात असेच सांगून झाले. रात्री मंडळी फराळाला बसली. आमच्या फडात एक सत्तरीचे मृदंगी आहेत, जन्माने चोखोबांच्या ज्ञातीचे, घरी पिढ्यान्पिढ्यांची वारी. ते सावकाश म्हणाले, “बुवा, एक विचारू का? दामाजीपंत आधीचे का आमचे चोखोबा आधीचे?”

मी म्हटले, “चोखोबा थोडे नंतरचे असावेत.”

ते म्हणाले, “असं का,” आणि ताक प्यायले. पुढे काही बोलले नाहीत.

रात्री झोप येईना. उत्तर चुकले होते, आणि चांगले सव्वाशे वर्षांनी चुकले होते. चोखोबा नामदेवरायांचे समकालीन, हे शाळेतले पोरही सांगेल. मला ते ठाऊक नव्हते असे नाही. पण दामाजीपंत एका खणात ठेवले होते, चोखोबा दुसऱ्या खणात, आणि दोघे एकाच गावचे हे कधी मनात जुळवूनच पाहिले नव्हते. म्हणून त्या वर्षी माघ वारीला गेलो तो काल्यानंतर परत न फिरता मंगळवेढ्याकडे वळलो. सोबत ते मृदंगी होतेच.

प्रथम नावाविषयी थोडे, कारण पाठशाळेची खोड जात नाही. ‘वेढणे’ हे आपले क्रियापद संस्कृत ‘वेष्ट्’ धातूचे लेकरू. मंगळाने वेढलेले ते मंगळवेढे, असा अर्थ सहज लावता येतो आणि कानाला गोडही वाटतो. परंतु जुन्या कानडी परंपरेत हे नाव मंगळिवेड, मंगळवाड अशा रूपांनी येते. तेव्हा संस्कृताच्या जोरावर कीर्तनकाराने फार उड्या मारू नयेत. मुलूख सरहद्दीचा. इकडून मराठी, तिकडून कानडी, दोन्ही भाषा या मातीने आपल्याच मानल्या. कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेल्या कलचुरी घराण्याचे मूळ ठाणे हेच. त्या घराण्यातला बिज्जल बाराव्या शतकाच्या मध्यास बलिष्ठ झाला, धन्याचेच राज्य त्याने घेतले आणि राजधानी कल्याणीस नेली. महात्मा बसवेश्वर बिज्जलाच्या पदरी प्रथम हिशेबनीस म्हणून राहिले ते याच मंगळवेढ्यात, असे लिंगायत परंपरा सांगते. पुढे कल्याणीत त्यांच्या शरणमंडळींत ब्राह्मणाची कन्या आणि चर्मकाराचा पुत्र यांचा विवाह झाला, त्यावरून भयंकर रक्तपात झाला, आणि सन ११६७-६८ च्या सुमारास बिज्जलही मारला गेला. तो वृत्तांत कल्याणीचा, इथला नव्हे. परंतु मनुष्याची जात पाहावी की भक्ती, या प्रश्नाचे बी ज्या पुरुषाने पेरले त्याचे पहिले हिशेब या गावात लिहिले गेले, एवढे ध्यानात असू द्यावे.

न्यायसुधाकार जयतीर्थ, ज्यांना माध्व संप्रदायात टीकाचार्य म्हणतात, त्यांचेही जन्मगाव मंगळवेढे असे एक परंपरा मानते. दुसरी मळखेडचे नाव घेते. तेही चौदाव्या शतकातलेच. तेव्हा या भूमीत विद्येची वाण नव्हती.

आता माती. आषाढीला या वाटेने गेलात तर उघडे, काळेभोर, नांगरून पडलेले रान दिसते आणि नवखा माणूस म्हणतो, काय हो हा ओसाड मुलूख! तसे नाही. इथले पीक रब्बीचे. पावसाळाभर ही खोल काळी जमीन पाणी पिऊन घेते. हस्त-चित्रेच्या सुमारास ज्वारी पेरतात. आणि मग वरून फारसा पाऊस नसला तरी पोटातल्या ओलीवर आणि थंडीच्या दहिवरावर पीक उभे राहते. म्हणून सांगतो, मंगळवेढे पाहावे ते माघ वारीला. पुरुषभर उंच ताटे, मोत्यासारखे दाणे भरलेली कणसे, बांधावर हुरड्याची आगटी. इथल्या मालदांडी ज्वारीची कीर्ती जुनी आहे. सन २०१६ मध्ये ‘मंगळवेढा ज्वारी’ हिला भौगोलिक मानांकनही मिळाले. भाकरी पांढरीशुभ्र, गोड, आणि दुसऱ्या दिवशीही मऊ.

परंतु या शेतीचे एक वर्म आहे. परतीचा पाऊस चुकला की सगळेच चुकले. जमिनीच्या पोटात ओल नाही तर पेरायचे कशात? म्हणून या भागात एका वर्षाचे धान्य दोन-तीन वर्षे राखण्याची विद्या लोकांनी साधली. जमिनीत पेव खणायचे, आत कडब्याचे अस्तर द्यायचे, धान्य भरायचे आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. पेव उघडले की माणूस लगेच आत उतरत नाही. कोंडलेल्या हवेने जीव जातो. आधी उघडे ठेवतात, दिवा सोडून पाहतात, मग उतरतात. धान्य साठवणारे गाव ते असे. आणि जिथे धान्य, तिथे लुटारू. जिथे लुटारू, तिथे तटबंदी. मंगळवेढ्याचे कोठार आणि मंगळवेढ्याचे गावकूस ही जुळी भावंडेच म्हणायची.

त्या कुसाखाली आमचे चोखोबा गेले.

शके १२६०, वैशाख वद्य पंचमी. म्हणजे सन १३३८. ज्ञानोबारायांच्या समाधीला बेचाळीस वर्षे झाली होती. देवगिरीच्या यादवांचे राज्य १३१८ ला पुरते संपले. बहामनी राज्य उभे राहायचे होते १३४७ ला. मधला हा काळ बेवारशी. धनी दूर दिल्लीला, रक्षण कोणाचेच नाही. अशा वेळी गावे आपापली कुसे उंच करून घेतात, यात नवल नाही. तिथीही पाहा. वैशाख वद्य पंचमी म्हणजे ऐन उन्हाळा. मातीदगडाची कामे उरकायची ती मृगाच्या आत. पुराणिक तिथी केवळ उत्सवासाठी ठेवीत नाहीत, तिच्यात ऋतूही बोलतो.

हे काम करायचे कोणी? गावगाड्यात कुसाची डागडुजी, वेशीची राखण, सरकारी पत्र आणि वसूल ठाण्यावर पोचविणे, मेलेले ढोर ओढणे, ही कामे महारांकडे. मजुरी मागायची सोय नाही. वेठीला बोलावले की जायचे. चोखोबा असेच गेले. काम चालू असता कूस कोसळले, आणि खाली कित्येक माणसे गाडली गेली. त्यांत चोखोबा. आणि विचार करा, ते कूस बांधून पुरे झाले असते तरी त्याच्या आत चोखोबांचे घर नव्हते. त्यांचे घर बाहेर. जी भिंत आपल्या लेकरांचे रक्षण करणार नाही, ती उन्हात उभे राहून रचायची, आणि तिच्याखालीच मरायचे. हे मी चाळीस वर्षांत एकदाही मंडपात बोललो नव्हतो. ‘भिंत पडून चोखोबा वैकुंठवासी झाले’ एवढे म्हणून पुढच्या चमत्काराकडे धावत होतो.

तो चमत्कार आपणा सर्वांस ठाऊक आहे. ढिगाऱ्यातून देह ओळखेनात. नामदेवराय पंढरीहून आले, त्यांनी एकेक हाड कानाशी लावले, आणि ज्यातून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती हाडे चोखोबांची म्हणून उचलून पंढरीस नेली. महाद्वारासमोर समाधी दिली. मला विचाराल तर यातली अद्भुताची बाजू घटकाभर दूर ठेवा. नामदेवराय तेव्हा साठी ओलांडलेले गृहस्थ. ज्या काळी त्या ज्ञातीच्या माणसाची सावली टाळीत, त्या काळी त्यांनी त्या ढिगाऱ्यात बसून हाडे हातात घेतली. नुसती हातात नाही, कानाशी लावली. सगळी हाडे लावली. म्हणजे चोखोबांची नव्हती तीही. इतर मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, परंतु नामदेवरायांचा कान त्यांच्याही हाडांना लागला असला पाहिजे.

चोखोबांच्या घरात एकटे चोखोबा नाहीत, हेही विसरू नये. पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, हे सर्वजण अभंगकार. देऊळगावराजाजवळचे मेहुणाराजा हे चोखोबांचे जन्मगाव मानतात. मंगळवेढे ही कर्मभूमी. त्यांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले, असे परंपरा सांगते. कर्ममेळ्याचे अभंग तर एकांतात वाचावे. पोराने देवाला जे प्रश्न विचारले आहेत त्यांना उत्तर द्यायला कीर्तनकाराची जीभ पुरत नाही. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरीत दहा दिवस प्राण पणाला लावले, तेव्हा कुठे चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना राउळाचे दार उघडले. चोखोबा गेल्याला तेव्हा सहाशे नऊ वर्षे झाली होती. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेणारा आपला इंग्रजी ग्रंथ १९४८ साली ज्या तीन संतांच्या स्मृतीस वाहिला, त्यांत नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळा हे नाव आहे.

असो. आता मृदंगीबुवांच्या प्रश्नाकडे येतो.

दामाजीपंतांचा दुष्काळ सन १४६० च्या सुमाराचा. म्हणजे चोखोबांनंतर एकशेवीसहून अधिक वर्षांनी. बहामनी राजधानी गुलबर्ग्याहून बेदरला जाऊन एक पिढी लोटली होती. दामाजीपंत मंगळवेढ्याचे अंमलदार. सरकारी कोठारे त्यांच्या ताब्यात. दुष्काळ पडला, माणसे अन्नाविना मरू लागली. पंढरीचा एक ब्राह्मण पंतांच्या घरी पानावर बसला आणि घरची उपाशी लेकरे आठवून त्याला घास गिळेना, अशी कथा आहे. पंतांनी प्रथम त्याला धान्य दिले, मग पंढरीच्या लोकांना, मग येईल त्याला. कोठारे रिकामी झाली. बादशहाचा हुकूम सुटला, पंतांना धरून आणा. पंत वाटेत असतानाच विठू महार दरबारात हजर झाला, धान्याचे मोल मोजून दिले आणि पावती घेऊन गेला.

इथे आपण सगळे डोलतो, मीही डोलत होतो. पण देवाने हेच सोंग का घेतले? सावकार होऊन जाता आले असते, ब्राह्मण होऊन जाता आले असते. एक उत्तर साधे आहे: गावचा वसूल ठाण्यावर पोचविणे हे महाराचेच काम, दरबारात तोच शोभणार, त्याच्यावर कोणी संशय घेणार नाही. कथा रचणाऱ्याला गावगाडा ठाऊक होता. दुसरे उत्तर मात्र मला त्या रात्री सापडले, आणि ते आधी-नंतरच्या हिशेबातून सापडले. चोखोबा आधी होऊन गेले होते. मंगळवेढ्याचा महार म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण उभा राहणार? विठू महार बेदरला चालत गेला तो चोखोबांच्याच वाटेने आणि चोखोबांचीच घोंगडी पांघरून. त्या गावचा जो महार महाद्वाराच्या आत येऊ शकला नाही, त्याचेच रूप घेऊन देव बादशहाच्या दरबाराच्या आत शिरला. महिपतिबुवांनी ‘भक्तविजय’ लिहिला १७६२ साली, पुष्कळ नंतर. तेव्हा हे इतिहास म्हणून मी सांगत नाही. ज्या लोकांनी ही कथा तोंडोतोंडी जपली त्यांच्या मनात काय असेल ते सांगतो. कालानुक्रम उलटा धरला, मी धरला होता तसा, की हा अर्थ हातातून निसटतो आणि विठू महार म्हणजे नुसते गमतीचे सोंग उरते.

दामाजीपंतांचे मंदिर गावात आहे. विठ्ठल-रखुमाईचे दर्शन तिथेच घडते. त्यांच्या नावाचा मान मोठा. तालुक्याचा सहकारी साखर कारखानाही त्यांच्याच नावाचा. मी गेलो तेव्हा आधी सवयीने पाय तिकडेच वळले. मृदंगीबुवा म्हणाले, “या जाऊन. मी चोखोबांकडं हाय.” मग मात्र मीही त्यांच्या मागोमाग चोखोबांच्या स्थानाकडे गेलो आणि दामाजीपंतांकडे नंतर. पंत रागावले नसतील. बुवांनी तिथे मृदंग नव्हता म्हणून गुडघ्यावर ठेका धरला आणि मी चोखोबांचे तीन अभंग म्हटले. चौथा म्हणताना आवाज बसला.

कान्होपात्रेचे गावही हेच. श्यामा नावाच्या गणिकेची ही कन्या, पंधराव्या शतकातली. बेदरचे बोलावणे आले तेव्हा हे कूस तिच्या काही उपयोगी पडले नाही. ती वारकऱ्यांच्या मेळ्यात शिरून पंढरीला गेली आणि देवाच्या पायांशीच देह ठेवला. पंढरीच्या राउळात तिचे तरटीचे झाड दाखवितात. नाट्यप्रेमी मंडळींना ती बालगंधर्वांच्या १९३१ च्या नाटकातून ठाऊक आहे. वारकऱ्यांनी तिला तिच्या अभंगांतून ओळखावे. तिला दर्शनाला अडविले नाही, पण घरी सुखाने जगूही दिले नाही. तिचे चरित्र स्वतंत्रपणे लिहिण्याजोगे आहे, ते पुन्हा केव्हातरी.

अक्कलकोटच्या स्वामी समर्थांचा अक्कलकोटपूर्वीचा काही काळ मंगळवेढ्यात गेला, म्हणून तो भक्तवर्गही येथे येतो. भुईकोटाचे अवशेष आहेत. डिसेंबर १६६५ मध्ये शिवछत्रपती मिर्झाराजांबरोबर विजापूरच्या मोहिमेवर असता त्यांनी हा कोट घेतला होता. पुढे गाव सांगलीच्या पटवर्धनांकडे आले आणि १९४८ पर्यंत त्या संस्थानात राहिले. म्हणजे आमच्या आजोबांच्या वेळी पंढरीहून इकडे येणारा वारकरी इंग्रजी मुलखातून संस्थानी मुलखात येई.

सवड असेल तर सोलापूरच्या रस्त्याला चौदा-पंधरा किलोमीटरवर माचणूर आहे, ते चुकवू नये. भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे प्राचीन मंदिर, खाली नदीत उतरणारा घाट. शेजारच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षांहून अधिक काळ पडली होती. त्याने गावाला इस्लामपुरी असे नाव दिले आणि तिथून मराठ्यांचे राज्य बुडविण्याचे बेत केले. आज तिथे त्याच्या कोटाचे पडके तट आहेत, गावाला लोक ब्रह्मपुरीच म्हणतात, आणि सिद्धेश्वराला पाणी घालायला बायका रोज घाट उतरतात. आपलीच भीमा ही, पंढरीला चंद्रकोरीसारखी वळून इथवर आलेली.

जाण्यायेण्याचे सांगतो. पंढरपुराहून एस. टी. मिळते, तासाभराच्या आत पोचविते. रत्नागिरी-नागपूर हमरस्ता आता गावावरूनच जातो, त्यामुळे सांगोल्याकडून किंवा सोलापुराकडून येणाऱ्यांचीही सोय आहे. पायी जाणाऱ्यांनी माघात पहाटे निघावे. वाटेत सावली बेताची, पाणी बरोबर असू द्यावे. वैशाख वद्य पंचमीस जाणाऱ्यांनी तर ऊन सोसण्याची तयारी ठेवूनच जावे. चोखोबांची पुण्यतिथी तीच, आणि ते काम करीत होते ते त्याच उन्हात. ज्वारी घ्यायची असेल तर मालदांडी विचारून, दाणा दाताखाली फोडून घ्यावी. नाव सांगून दुसरे माथी मारणारे व्यापारी सगळीकडेच असतात.

त्यानंतर मी कीर्तनात दामाजीपंतांचे चरित्र सांगतो ते चोखोबांपासून आरंभ करून. वेळ जास्त लागतो. एका गावी यजमानांनी मधेच घड्याळ दाखविले. मृदंगीबुवांनी ते पाहिले, आणि ठेका सोडला नाही.